स्लॅलम २०२१-२२ : दहा रेस, आठ विनर, मग ग्लोब क्रिस्तोफरसनलाच कसा काय?

उदगीरकर_८८

राम राम मंडळी. विषय असा हाये की आमच्या गावात कुणाला विचारावं तर लोक तोंडाकडं बघतील, म्हणून इथं टाकायलो. मार्चात गारा पडल्या तर पडल्या, तेवढाच आपला बर्फाशी संबंध, आन त्या पडल्या की बी गहू-हरभरा झोपला म्हणून शिव्याच निघतात. तर मला हे स्कीचं याड लागलं आरिफ खानमुळं. २०२२ च्या बीजिंग विंटर ऑलिंपिकला आख्ख्या भारतातनं तो एकटाच गेला होता, झेंडा बी त्याचाच, आन गलवानच्या भानगडीवरून दूरदर्शननं उद्घाटनाचा कार्यक्रमच लाईव्ह दाखवला नाही, मग मोबाईलवर शोधत बसलो. त्याची रेस सापडली, तिच्या खाली दुसरी, तिच्या खाली तिसरी, असं करत करत वर्ल्डकपचा तो पूर्ण सीझनच मी हायलाइटमधून बघून काढला.

आता गोंधळ काय झालाय ते सांगतो. पुरुषांच्या स्लॅलमच्या (उतारावर रोवलेल्या गेटांच्या खांबांमधनं नागमोडी उतरायचं, दोन रनचा टाईम मिळवून निकाल) दहा रेस झाल्या, १२ डिसेंबर २०२१ ला सुरू आन २० मार्च २०२२ ला खलास. मी वहीत मांडलं. वाल द'इझेरला नोएल, माडोन्ना दी काम्पिल्योला फॉस-सोलवॉग, आडेलबोडेनला श्ट्रोल्झ, वेंगनला ब्रातेन, किट्झब्यूलला रायडिंग, श्लाडमिंगला श्ट्रासर. सहा रेस, सहा वेगळे गडी! मग ऑलिंपिक, आन त्याच्यानंतर गार्मिशला दोन दिवसांत दोन रेस, दोन्ही क्रिस्तोफरसनच्या. मग फ्लाखाऊ आन मेरिबेल, दोन्ही मॅकग्राच्या. आन ग्लोब, म्हणजे सीझनभरात सगळ्यात जास्त कमावणाऱ्याचा चषक, कुणाला? क्रिस्तोफरसनला.

माझं म्हणणं असं की दोघांच्या दोन-दोन झाल्या, मॅकग्रानं तर शेवटच्या दोन मारल्या, मग तो खाली कामून? आन तो नोएल ऑलिंपिकचं गोल्ड घेऊन गेला त्याचं काहीच धरत नाहीत का? आन सगळ्यात डोक्यावरून गेलं ते वेंगनचं. ब्रातेन पहिल्या रनला २९ वा होता आन रेस जिंकला! असं असल तर पहिला रन कशाला पळायचा म्हणतो मी, सरळ मागं राहायचं की. हा खेळ नशिबाचा हाये का कसब आहे तेवढं कुणीतरी सांगा.

गोदाकाठ

उदगीरकर भाऊ, वहीत मांडलं ते लई ब्येस केलं, पण फक्त पहिला नंबर मांडला ना, तिथंच घोळ आहे. ग्लोब पहिल्या नंबरावर मिळत नाही, पॉइंटावर मिळतो. पहिल्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, मग ५०, ४५, ४० असं उतरत उतरत तिसाव्याला १. फक्त सीझनच्या शेवटच्या फायनलला, म्हणजे त्या साली मेरिबेलला, नियम वेगळा, तिथं मोजकेच लोक पळतात आणि पहिल्या पंधरालाच पॉइंट. दोन रेस जिंकल्या म्हणजे दोघांचेबी २०० झाले. राहिल्या आठ. त्या आठमध्ये कोण कितवा आला आणि कोण मधीच बाहेर गेला, ग्लोबचा सगळा हिशोब तिथं आहे. मॅन्युएल फेलरचं नाव तुमच्या वहीत कुठंच नसल, कारण त्यानं त्या सीझनला स्लॅलमची एकही रेस जिंकली नाही, पण आडेलबोडेनला दुसरा, श्लाडमिंगला तिसरा, असं करत तो वरच्या नावांत बसलेला होता. आणि ह्याच फेलरनं २०२४ ला स्लॅलमचा ग्लोब मारला.

ऑलिंपिकचं म्हणाल तर त्याला वर्ल्डकपचे पॉइंट नसतात. शून्य. नोएलनं १६ फेब्रुवारीला येनचिंगला (बीजिंग ऑलिंपिकची स्कीची जागा) पहिल्या रनमध्ये सहावा असताना दुसऱ्या रनला सगळ्यांना मागं टाकून ०.६१ सेकंदानं गोल्ड नेलं, स्लॅलममध्ये हा फरक लई मोठा समजतात, पण ग्लोबच्या खात्यावर त्याचा एक पैसा जमा नाही. उलट माडोन्नाला काय झालं ते बघा. पहिल्या रनला तोच पुढं, दुसऱ्या रनला बी रेस जिंकल्यात जमा, आणि अगदी शेवटच्या गेटांपाशी गेला बाहेर. जिथं १०० यायचे तिथं भोपळा. दुसरा आला असता तरी ८० होते, पण स्लॅलममध्ये पडला की काहीच नाही, तुम्ही वर किती का पुढं असेनात. मला विचाराल तर नोएल हा त्या दहा वर्षांतला सगळ्यात वेगवान स्लॅलमवाला. पण ग्लोब म्हणलं की त्याचं काही ना काही होतं. २०२० ला तर क्रिस्तोफरसनपेक्षा फक्त २ पॉइंट कमी पडले आणि तो सीझन कोरोनामुळं आधीच गुंडाळलेला, म्हणजे भरून काढायला पुढची रेस बी नाही.

आता "एवढे विनर कामून" ह्याचं. तुम्ही हा खेळ २०२२ ला बघायला लागलात म्हणून तुम्हाला ते नवल वाटतं. त्याच्या आधी मार्सेल हिर्शर नावाचा ऑस्ट्रियाचा गडी होता. २०१२ ते २०१९ सलग आठ वेळा पूर्ण वर्ल्डकपचा ओव्हरऑल ग्लोब, शिवाय स्लॅलमचे सहा वेगळे. २०१३ पासून २०१९ पर्यंत स्लॅलमचा एकच ग्लोब त्याच्या हातातनं सुटला, २०१६ चा, आणि तो बी ह्याच क्रिस्तोफरसननं नेला. तेव्हा रेस लावायच्या आधीच लोक दुसरा कोण येईल ते बोलायचे. २०१९ च्या सप्टेंबरात तो रिटायर झाला आणि दारच उघडलं. २०२० क्रिस्तोफरसन, २०२१ मार्को श्वार्झ, २०२२ परत क्रिस्तोफरसन, २०२३ ब्रातेन, २०२४ फेलर, २०२५ परत क्रिस्तोफरसन. बघा म्हणजे, राजा कुणी नाही पण फिरून फिरून एकाच माणसाकडं येतंय. आणि गंमत अशी की २०२२ चा ग्लोब झाल्यावर क्रिस्तोफरसननं स्की बदलल्या त्या हिर्शरनं काढलेल्या कंपनीच्याच, व्हॅन डीअरच्या. ज्यानं आयुष्यभर हरवलं त्याच्याच स्की.

कडबाकुट्टी

नशीबच म्हणायचं सगळं. २९ वा येऊन जिंकतो म्हणल्यावर पुढं काय बोलायचं.

औलीचा_पाव्हना

कडबाकुट्टी भाऊ एका ओळीत निकाल लावला तुम्ही 😄 थांबा जरा.

मी संभाजीनगरचा. औलीला जाऊन स्कीचा बेसिक कोर्स करून आलोय, म्हणजे पडायचं कसं ते तरी व्यवस्थित शिकलोय, म्हणून दोन गोष्टी सांगतो ज्या मोबाईलवर बघताना लक्षात येत नाहीत. पहिली म्हणजे ते पांढरं दिसतंय ते भुसभुशीत बर्फ नसतंय. रेसच्या पिस्टवर, म्हणजे पळायच्या उतारावर, पाणी मारून ते गोठवतात, पार फरशीसारखं कडक करतात, कारण मऊ ठेवलं तर चार-पाच जण गेले की चर पडतात. तरी पडतातच. सगळे त्याच गेटाला त्याच जागी वळणार, स्कीची कड त्याच जागी घुसणार, मग तिथं खोलगट नाली तयार होते, आणि तिसावा माणूस येईपर्यंत त्या नालीत स्की आपोआप भलतीकडं ओढली जाते. पुरुषांच्या स्लॅलमची स्की कमीत कमी १६५ सेंटिमीटर लागते, त्यापेक्षा आखूड चालत नाही. गेट पंचावन्न ते पंचाहत्तरच्या दरम्यान, आणि मिनिटाच्या आत-बाहेर सगळं खलास. म्हणजे सेकंदाला एक वळण धरा. तेवढ्यात नाली चुकवायची का नाली धरूनच जायचं हे ठरवायला वेळ कुठला, ते पायालाच कळावं लागतंय.

दुसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्या रनचा क्रम. पहिल्या रननंतर वरचे तीसच जण राहतात आणि दुसऱ्या रनला ते उलटे सुटतात. तिसावा सगळ्यात आधी, पहिला सगळ्यात शेवटी. म्हणजे वेंगनला ब्रातेन २९ वा म्हणून दुसऱ्याच नंबरला सुटला, त्याला जवळजवळ कोरी पिस्ट मिळाली. त्यानं जो टाईम लावला तो मागनं येणाऱ्या एकालाबी मोडता आला नाही, आणि मागचे येतायत ते दर गड्यागणिक जास्त खराब होत चाललेल्या पिस्टवर. हे नशीब नाही, हा नियमच तसा बनवलाय. आणि गेट बी दोन्ही रनला वेगळे मांडतात, कुठल्यातरी टीमचा कोच मांडतो, चिठ्ठी काढून ठरतं कुणाचा कोच ते. खेळाडूंना फक्त बाजूनं हळूहळू उतरत बघून पाठ करायला मिळतं, त्यावरून एकदाबी पळून बघता येत नाही.

बाकी मधले गेट हातानं आणि नडगीनं हाणत जातात ते दिसलं असेलच. खांबाला खाली बिजागरी असते, हाणला की लवतो आणि परत उभा. फक्त दोन्ही स्कीची टोकं आणि दोन्ही बूट खांबाच्या बरोबर बाजूनं गेले पाहिजेत. एक टोक जरी खांबाच्या आतनं गेलं तर त्याला स्ट्रॅडल म्हणतात, रेस संपली. दोन सेंटिमीटर जवळनं जायच्या लोभात जास्तीत जास्त लोक ह्यातच जातात.

माजलगावची_मीरा

औलीचे पाव्हणे, समजावलं छान पण पटलं नाही. नियमच तसा बनवलाय म्हणजे नियमच चुकीचा आहे ना मग? जो सकाळी सगळ्यात चांगला पळाला त्याला दुपारी सगळ्यात खराब पिस्ट द्यायची, ही कुठली शिक्षा? आमच्याकडं पाणीवाटपात टेलला असलेल्याला शेवटी पाणी मिळतं ते बघून बघून मला अशा नियमांचा आधीच राग आहे. ब्रातेन चांगला असेल पण त्या दिवशी २९ व्या ऐवजी १० वा असता तर जिंकला नसता, म्हणजे वाईट पळण्याचं बक्षीस मिळालं त्याला.

गोदाकाठ

मीराताई, मुद्दा एकदम बिनबुडाचा नाही तुमचा. पण दोन गोष्टी बघा. पहिल्या रनला उलटं असतंय. तिथं रँकिंगमधले वरचे सात जण चिठ्ठी काढून १ ते ७ नंबरात सुटतात, त्यांच्या मागं ८ ते १५, आणि बाकीचे त्यांच्या नंतर. म्हणजे सकाळची कोरी पिस्ट मोठ्या नावांनाच मिळालेली असते. दुपारी तीच गोष्ट खालच्यांना देतात, एवढंच.

आणि हे जर एवढं सोपं असतं तर दर रेसला २९ वा नाहीतर ३० वा जिंकला असता ना. दर रेसला कुणीतरी २९ वा असतोच की! तिथनं उठून जिंकणं हे ब्रातेनच्या आधी वर्ल्डकपात कुणालाच जमलं नव्हतं. आता ह्याच्यात अजून एक मजा सांगतो. वेंगनच्या त्या रेसला दुसरा कोण होता? स्वित्झर्लंडचा डॅनिएल यूल. स्वतःच्या देशात, स्वतःच्या लोकांसमोर, २९ व्यानं येऊन त्याचा विजय नेला. तोच यूल २०२४ च्या फेब्रुवारीत शामोनीला पहिल्या रननंतर ३० वा होता, म्हणजे दुसऱ्या रनला जेमतेम जागा मिळाली, आणि तिथनं रेस जिंकला. तिसाव्यावरनं जिंकणारा पहिला माणूस. त्या दिवशी उन्हानं पिस्ट मऊ पडत गेली हे खरं, पण सगळ्यात आधी सुटून, पुढं कुणाचाच टाईम नसताना, एवढ्या जोरात जायला बी छाती लागते.

वेंगनचा तिसरा बी लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुलियानो राझोली, इटलीचा, २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकचा स्लॅलमचा गोल्डवाला, बारा वर्षांनी, ३७ व्या वर्षी परत पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत. त्याच्या वरच्या पायरीवर उभा असलेला ब्रातेन तेव्हा एकवीस वर्षांचा.

पीटीमास्तर_परभणी

चर्चा वाचतोय, छान चाललीय. मी खो-खो शिकवतो, त्यामुळे मला स्लॅलम पाहिलं की पहिल्यांदा आठवते ती पळतीच्या खेळाडूची सिंगल चेन. बसलेल्या आठ जणांच्या मधून एकदा ह्या बाजूला एकदा त्या बाजूला, आणि जो खांद्यापासून वळतो तो दोन वळणांत दमतो आणि सापडतो, जो कमरेखालून वळतो तो मिनिटं काढतो. ह्या स्कीवाल्यांचंही छातीपासून वरचं शरीर बघा, ते सगळा वेळ उताराच्या दिशेनं तोंड करून जवळजवळ स्थिर असतं, आणि खालचे पाय मात्र डावी-उजवी चालू. नोएलचा ऑलिंपिकचा दुसरा रन मी मुलांना वर्गात दाखवला तो ह्यासाठीच.

औलीचा_पाव्हना

सर एकदम बरोबर, पण एक फरक. तुमचा पळतीवाला कुठं वळायचं ते स्वतः ठरवतो आणि समोरच्याला चकवतो, इथं गेट आधीच रोवलेत, चकवायला कुणी नाही. आणि उतार तुमची वाट बघत नाही 😄 एका वळणाला जरा उशीर झाला की पुढच्या वळणाला अजून उशीर, असं करत तिसऱ्या-चौथ्या गेटाला माणूस बाहेर. चूक जिथं झाली तिथं पडत नाहीत, पुढं जाऊन पडतात. हायलाइट बघताना पडायच्या आधीचे तीन गेट मागं घेऊन बघत जा, खरी चूक तिथं सापडते.

बालाघाट_एक्सप्रेस

तुम्ही सगळे क्रिस्तोफरसन-नोएल करायलेत आन त्या सीझनचा खरा हिरो बाजूलाच ठेवलाय. डेव्ह रायडिंग!! २२ जानेवारी २०२२, किट्झब्यूल. ऑस्ट्रियात स्कीच्या रेसा लई ठिकाणी होतात पण किट्झब्यूल म्हणजे पंढरपूर. आन तिथं जिंकला कोण तर इंग्लंडचा पस्तीस वर्षांचा माणूस, मागं ब्रातेन दुसरा आन क्रिस्तोफरसन तिसरा. आल्पाइन वर्ल्डकपची रेस ब्रिटनच्या कुणी जिंकायची ही पहिलीच वेळ, आख्ख्या इतिहासात.

आता महत्त्वाचं. हा माणूस स्की शिकला कुठं? बर्फावर नाही. त्याच्या भागात, लँकाशरमध्ये पेंडल नावाच्या ठिकाणी डोंगराच्या उतारावर प्लास्टिकचे ब्रशाचे पट्टे अंथरलेले होते, त्याच्यावर. खरा बर्फ पायाखाली आला तो दहा-बारा वर्षांचा झाल्यावर, जेव्हा ऑस्ट्रियाची पोरं चालायला लागल्यापासून स्कीवर असतात. आन २०१७ ला ह्याच किट्झब्यूलला तो दुसरा आला होता, तेव्हाच लोकांना वाटलं झालं आता, ह्याच्या वर काय जात नाही हा. त्याच्यानंतर पाच वर्षं दम धरून त्यानं हे केलं. मी म्हणतो बालाघाटाला उतार कमी हायेत का? मांजरसुंब्याच्या घाटाकडंला एक प्लास्टिकचा पट्टा टाका, बघा पोरं काय करतात ते. हसू नका, मी खरंच म्हणायलो.

उदगीरकर_८८

बालाघाट भाऊ 😂 पट्टा टाका पण उन्हाळ्यात नका टाकू, वितळंल.

गोदाकाठ काका तुमचं वाचून वहीत परत बसलो, आता पॉइंटाचं डोक्यात शिरलं. पण एक राहिलंच. श्ट्रोल्झ कोण हाये ओ? आडेलबोडेनला जिंकला तेव्हा कॉमेंट्रीवाला वेडा झाल्यासारखा ओरडत होता, आन त्याच्या छातीवर बिब होतं ३८ नंबरचं. ३८ म्हणजे तर लई मागनं सुटला ना? मग त्याला कोरी पिस्ट कुठं मिळाली? मीराताईचा नियमाचा राग तर इथं उलटा पडला की.

गोदाकाठ

हां, बरोबर पकडलंत! योहानेस श्ट्रोल्झची गोष्ट सांगायला मला वेगळा धागाच काढावा लागेल, पण थोडक्यात सांगतो.

ऑस्ट्रिया म्हणजे स्कीमध्ये एवढी गर्दी की टीममध्ये नाव राहणं हेच मोठं. २०२१ च्या वसंतात ह्या माणसाचं नाव टीमच्या यादीतनं काढलं. वय २८-२९, एकबी पोडियम नाही, दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. हा पोलिसात होता. त्यानं ठरवलं आपलं आपण करायचं. सराव करायचा जर्मनीच्या टीमबरोबर, आणि स्वतःच्या स्की स्वतःच घासायच्या, वॅक्स करायच्या, कडा लावायच्या. तुम्हाला कळावं म्हणून सांगतो, वर्ल्डकपच्या वरच्या खेळाडूंना ह्या कामाला वेगळा माणूस असतो, रात्र-रात्र तेच करतो, कारण त्या कडक बर्फावर कड नीट नसली की पाय सटकलाच. हा माणूस स्वतः करायचा आणि सकाळी स्वतःच पळायचा. ९ जानेवारी २०२२ ला आडेलबोडेनला बिब ३८ घालून सुटला, म्हणजे सदतीस जण नाल्या पाडून गेल्यावर, आणि दोन रननंतर पहिला. फेलर दुसरा, जर्मनीचा श्ट्रासर तिसरा. गंमत बघा, ज्या टीमबरोबर सराव केला त्यांचाच गडी बाजूला उभा.

तिथनं थेट ऑलिंपिकच्या टीममध्ये. येनचिंगला कंबाइंडचं (एक डाउनहिल आणि एक स्लॅलम मिळून) गोल्ड, स्लॅलमला सिल्व्हर (पहिल्या रनला तोच पुढं होता, नोएलनं दुसऱ्या रनला काढलं), आणि टीम इव्हेंटला अजून एक गोल्ड. त्याच्या वडिलांनी, हुबर्ट श्ट्रोल्झनी, १९८८ ला कॅल्गरीला हेच कंबाइंडचं गोल्ड घेतलं होतं. चौतीस वर्षांनी पोरानं तेच.

कडबाकुट्टी

बरं बाबा, श्ट्रोल्झपुरतं नशीब नाही. बाकीचं नशीबच.

पीटीमास्तर_परभणी

उदगीरकर, तुम्ही सुरुवात आरिफ खानपासून केली आणि नंतर त्याचं काहीच लिहिलं नाही. त्याची जायंट स्लॅलम (गेट लांब-लांब असतात ती) कशी वाटली?

उदगीरकर_८८

सर, काय सांगू. जायंट स्लॅलमला बर्फ पडायलाच होता, खालचं नीट दिसत बी नव्हतं, त्यात तो दोन्ही रन पूर्ण करून ४५ वा आला, मला तेच लई वाटलं. मग १६ तारखेला स्लॅलम. नोएल गोल्ड घेऊन गेला तीच रेस. आरिफ पहिल्याच रनला बाहेर. मला वाईट वाटलं, एवढ्या लांब जाऊन, दोन-दोन प्रकारांत थेट क्वालिफाय होऊन, असं एका गेटाला जाणं म्हणजे...

औलीचा_पाव्हना

वाईट वाटतंच, पण त्यात कमीपणा काही नाही. त्याच सीझनला नोएल माडोन्नाला जिंकत असताना बाहेर गेला हे वर गोदाकाठ काकांनी लिहिलंयच. आणि आरिफचं बघायचं तर कुठनं आला ते बघा. गुलमर्गजवळचा पोरगा, वडिलांचं तिथं स्कीच्या सामानाचं दुकान, वर्ल्डकपवाले ज्या कडक बर्फावर सराव करतात त्यासाठी युरोपात जाऊन राहावं लागतं, आणि त्याचा खर्च उभा करणं ही त्याची निम्मी लढाई. गुलमर्गला बर्फ भरपूर आहे, पण मऊ. येनचिंगला उलटं होतं, तिथं नैसर्गिक बर्फ जवळजवळ नव्हताच, सगळा मशीननं बनवलेला, त्यामुळं पिस्ट काचेवानी. मऊवर वाढलेल्या माणसाला तिथं कड धरणं सोपं नाही.

माजलगावची_मीरा

हे मात्र मनाला लागलं. आणि हो, ब्रातेनबद्दल मी जरा कडक बोलले पण माणूस रंगीत आहे हे मान्य. २०२३ ला स्लॅलमचा ग्लोब जिंकला आणि त्याच साली ऑक्टोबरमध्ये, नवा सीझन उद्यावर आलेला असताना, मी थांबतो म्हणून सांगून टाकलं. नॉर्वेच्या फेडरेशनशी फोटो-जाहिरातीच्या हक्कांवरून वाजलं होतं. मग परत आला तो थेट ब्राझीलकडून, आई तिकडची. २०२५ च्या नोव्हेंबरात लेवीला ब्राझीलसाठी वर्ल्डकपची पहिली रेस जिंकली. स्लॅलमच, आणि ह्यावेळी २९ व्यावरनं नाही, म्हणून मला चालली 😀

बालाघाट_एक्सप्रेस

मीराताई ब्राझीलला कुठं बर्फ हाये सांगा बरं! माझ्या पट्ट्याला पाठिंबा द्या मग.

उदगीरकर_८८

सगळ्यांचे आभार, लई शिकायला मिळालं. आता हिवाळ्यात लाईव्ह बघायचं ठरवलंय. टाईम काय असतंय आपल्याकडं? आन सुरुवात कुठनं करू?

गोदाकाठ

जानेवारीपासून धरा. वेंगन, किट्झब्यूल, श्लाडमिंग हे तिन्ही साधारण जानेवारीतच एकामागं एक येतात. दिवसाच्या रेसांचा पहिला रन आपल्याकडं दुपारी अडीच-तीनच्या पुढं पडतो, दुसरा संध्याकाळी. शेतातनं घरी येईपर्यंत दुसरा रन मिळतोच, आणि मजा दुसऱ्या रनलाच. श्लाडमिंग मात्र रात्रीची रेस, दिव्याच्या उजेडात. पहिला रन आपल्या सव्वादहाच्या आसपास आणि दुसरा मध्यरात्रीनंतर. त्या दिवशी लाईट राहील का बघून ठेवा आणि मोबाईल चार्ज करून ठेवा. आणि दुसऱ्या रनला वहीत पहिल्या पाचांची नावं नका लिहू, तिसाव्यापासून वर लिहीत या, मग कोण किती जागा वर चढला ते दिसतं.

माजलगावची_मीरा

नियमाबद्दलचं माझं मत तेच आहे हं. पण ती बिब ३८ वाली आडेलबोडेनची रेस मी बघितलेली नाही, कुणाकडं लिंक असेल तर टाका.

उदगीरकर_८८

टाकतो ताई, पूर्ण दोन्ही रनची हाये. आधी पहिला रन बघा, डायरेक्ट शेवटाला जाऊ नका.